हुकूम सुटला, जाब कोणी घ्यायचा?

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि गादीची भांडणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शाळेत मीही तेच शिकवीत आलो आहे. परंतु लढाई जिंकणारा सेनापती असो की सारा वसूल करणारा मामलेदार, त्याच्या कर्तबगारीच्या मुळाशी एक साधीच गोष्ट असते. तो स्वतःच्या हाताने फार थोडे करतो. बाकीचे दुसऱ्याकडून करवून घेतो. हुकूम एकाच्या तोंडून सुटतो, काम दुसऱ्याच्या हातून होते, आणि ते काम झाल्याची वा फसल्याची वार्ता उलट पावली हुकूम देणाऱ्याकडे यावी लागते. या तीन पावलांपैकी पहिली दोन सर्वांना ठाऊक असतात. तिसरे फार वेळा राहून जाते, आणि पुष्कळ अनर्थ त्या राहून गेलेल्या पावलातून निघतात.

या हुकमाच्या इतिहासातला एक अगदी अलीकडचा अध्याय आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. तो घडला संगणकाच्या पोटात. संगणक म्हटला की रंगीत चित्रे आणि बोटाने सरकणारी पाने आपल्याला आठवतात. पण कचेऱ्यांची, पेढ्यांची मोठी यंत्रे सांभाळणारा जो कारभारी असतो, तो बहुधा एका काळ्या पडद्यापुढे बसतो. तेथे चित्र नसते. एक रिकामी ओळ असते. त्या ओळीवर तो हुकूम लिहितो. गंमत अशी की ओळीमागे बसून हुकूम वाचणारा प्रोग्राम ते काम सहसा स्वतः करीतच नाही. तो दुसऱ्या एका प्रोग्रामला कामाला उभे करतो, त्याच्या हाती काम देतो आणि आपण वाट पाहत बसतो. चालू असलेल्या अशा प्रत्येक कामगाराला तेथे ‘प्रोसेस’ म्हणतात. उभा करणारा तो पालक आणि उभा केलेला ते मूल. ही रीत कशी सुरू झाली, तिच्यात कोठे घोटाळे झाले आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाचे तिच्यावाचून काय अडते, हे सांगण्यासारखे आहे.

आधी आपल्या घरचे पाहू. पेशवाईत मामलेदार परगण्यावर निघाला की त्याच्या हाती ‘बेहडा’ पडत असे. इतका वसूल यावा, इतका खर्च व्हावा, असा तो वर्षाचा अंदाज. वर्ष सरले की त्याने हुजुरात ‘ताळेबंद’ पाठवायचा. बेहडा म्हणजे गेलेला हुकूम आणि ताळेबंद म्हणजे आलेला जाब. एवढ्यावरही हुजुराचा भरवसा नसे. मजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार प्रांतावर असत आणि त्यांना मामलेदार आपल्या मर्जीने काढू शकत नसे. काम करणाऱ्याने ‘झाले’ म्हणावे आणि देणाऱ्याने ते मानावे, इतका भाबडा तो कारभार नव्हता. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले ते रुमालच्या रुमाल आज अभ्यासकांना उपयोगी पडतात, ते याच तिसऱ्या पावलाच्या काळजीमुळे.

आता संगणकाकडे वळू. आरंभीच्या यंत्रांत हा प्रश्नच नव्हता. एका वेळी एक काम. ते संपले की दुसरे. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था चालवून दाखवली. तिच्यात एकच यंत्र अनेक माणसांना आळीपाळीने क्षणक्षण वाटून दिले जाई आणि प्रत्येकाला वाटे, यंत्र माझेच आहे. तेथेच लुई पूझँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी हुकमांची यादी एका कागदावर लिहावी तशी लिहून ठेवून ती एकदम चालवण्याची सोय केली. माणूस आणि यंत्राचा गाभा यांच्यामध्ये बसून हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नाव त्यांनीच दिले. शेल म्हणजे कवच, टरफल. आपल्याकडे कचेरीच्या दारात बसणाऱ्या कारकुनाला जे महत्त्व, तेच या शेलला. साहेब आत असतो. पण तुमचे काम होणार की नाही हे बाहेरच्या टेबलावर ठरते.

१९६३ मध्ये मेल्व्हिन कॉनवे यांनी एका निबंधात ‘फोर्क’ ही कल्पना मांडली. फोर्क म्हणजे फाटा. वाटेला फाटा फुटावा तसे चाललेल्या कामाला दोन फाटे फुटावेत, दोन्ही आपापले चालावेत आणि पुढे एकत्र यावेत. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या ‘जीनी’ नावाच्या व्यवस्थेने ती कल्पना उचलली, आणि तेथून ती ज्यांच्या हाती आली त्यांनी तिचे सोने केले. ते म्हणजे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेचे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेने एका मोठ्या आणि खर्चीक संगणक-योजनेतून अंग काढून घेतले. थॉम्पसन यांच्या हाताशी उरले एक जुने, फारसे कोणी न वापरणारे यंत्र, पीडीपी-७. त्यावर त्यांनी युनिक्स नावाची व्यवस्था उभी केली. आज जगातील बहुतेक मोठी सेवायंत्रे ज्या पद्धतीने चालतात, तिचे मूळ तेथे आहे. आरंभी तिच्यातला शेल भलताच साधा होता. हुकूम आला की शेल स्वतःच पुसला जाई आणि त्याच्या जागी हुकमातला प्रोग्राम येऊन बसे. तो संपला की शेलची नवी प्रत पुन्हा जागेवर आणायची. दारातला कारकूनच खुर्ची सोडून कामावर जाई; तो परत येईपर्यंत दार उघडे आणि टेबल रिकामे.

मग फोर्क आला. तो आणायला केवढा खटाटोप पडला असेल असे वाटते. पण रिची यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे की पीडीपी-७ वर त्याला यंत्रभाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या. माझ्या वर्गातल्या मुलाचा ‘माझा आवडता सण’ हा निबंधदेखील त्याहून लांब असतो! त्या २७ ओळींनी काय केले, तर चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढली. दोघेही एकाच जागी जागे होतात, दोघांना मागचे सगळे आठवते. फरक एवढाच की पालकाच्या कानात मुलाचा क्रमांक सांगितला जातो आणि मुलाच्या कानात शून्य. त्या एका आकड्यावरून ज्याने त्याने ओळखायचे, आपण कोण. त्यानंतर मूल ‘एक्झेक’ नावाचा दुसरा संस्कार करून घेते. आपले जुने मन टाकून देते आणि सांगितलेल्या प्रोग्रामचे मन धारण करते. अंग तेच, क्रमांक तोच; विद्या मात्र नवी.

जन्म आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठी सोय होती. त्या दोहोंच्या मधल्या क्षणी मुलाची शिदोरी बांधून देता येते. तुझे उत्तर पडद्यावर लिहू नकोस, अमक्या वहीत लिही. तुझा कच्चा माल तमक्याकडून घे. पालकाने उघडलेल्या वह्या, पालक ज्या खोलीत उभा आहे ती खोली, पालकाच्या खिशातल्या चिठ्ठ्या, सारे मुलाला वारशाने मिळते. मात्र वारसा एकाच दिशेने वाहतो. मुलाने पुढे जे केले त्याने पालकाची खोली बदलत नाही. याचा एक मजेदार फटका या मंडळींना बसला. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याचा एक हुकूम होता. फोर्क आल्यावर तो एकाएकी निकामी झाला. कोणी कितीही वेळा लिहा, जागा बदलेना! शोध करता कळले की शेल मूल जन्माला घाली, मूल इमानाने त्या कप्प्यात जाई आणि काम झाले म्हणून तेथेच देह ठेवी. पालक जेथल्या तेथे. मला शेवगावला जायचे म्हणून मी मुलाला एस.टी.त बसवून धाडले तर शेवगाव तो पाहील; मी ओट्यावरच बसलेला राहीन. तेव्हापासून तो एक हुकूम शेलने स्वतःच पाळायचा असे ठरले, ते आजतागायत. काही कामे दुसऱ्यावर सोपवताच येत नाहीत, हे यंत्रालासुद्धा शिकावे लागले.

आमच्या जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी आता अहिल्यानगर झाले. जुन्या तोंडी ते अजून नगरच आहे. या जिल्ह्यातल्या माणसाला ही सारी रचना समजायला कठीण जाऊ नये. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून कारखाना, मुकादम आणि कोयता ही साखळी येथे पोरासोरांना ठाऊक आहे. कारखाना कोणाच्या हातात कोयता देत नाही. तो मुकादमाला उचल देतो; मुकादम पाथर्डी, जामखेड किंवा पलीकडच्या बीड जिल्ह्यातून टोळी आणतो; टोळीतल्या नवराबायकोच्या जोडीला आपण ‘एक कोयता’ म्हणतो. हुकूम वरून खाली असा उतरत जातो. पण कारखान्याचा हिशेब चालतो तो वजनकाट्याच्या पावतीवर. गाडी काट्यावर चढली, वजन झाले, पावती फाटली, की तोड झाली असे मानायचे. पावतीवाचून ‘ऊस तुटला हो’ या बोलण्याला किंमत नाही.

संगणकातली ही पावती म्हणजे एक आकडा. मूल मरताना एक आकडा मागे ठेवून जाते. शून्य असेल तर काम फत्ते; दुसरा कोणताही असेल तर काही बिघडले. शून्य मिळाला की उत्तीर्ण, अशी शाळा दुसरीकडे कोठे नसेल! पण त्यात शहाणपण आहे. काम नीट होण्याची तऱ्हा एकच असते. बिघडण्याच्या तऱ्हा अनेक, म्हणून बाकीचे आकडे त्यांच्यासाठी राखून ठेवले. पालकाने ‘वेट’ म्हणजे थांबणे हा हुकूम वापरून तो आकडा उचलायचा असतो.

पालकाने तो उचललाच नाही तर? तर मूल मेले तरी त्याचे नाव पटावरून निघत नाही. युनिक्सच्या भाषेत अशा प्रोसेसला ‘झोंबी’ म्हणतात. झोंबी खात नाही, पीत नाही, काम करीत नाही. फक्त हजेरीपटावरची एक ओळ अडवून बसतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव पटावर तसेच राहावे, त्यातला हा प्रकार. एकदोन असले तर कोणाला पत्ता लागत नाही. शेकड्यांनी साठले तर पट भरून जातो आणि नवे मूल जन्माला घालायला ओळच उरत नाही. आणि उलट झाले, पालकच आधी मेला, तर पोरके मूल क्रमांक एकच्या प्रोसेसकडे जाते. यंत्र सुरू होताच जी पहिली जन्मते ती ही. सगळ्या पोरक्यांना ती पदरात घेते आणि त्यांनी मागे ठेवलेले आकडे मुकाट्याने उचलते. म्हणजे जाब घेण्याची जबाबदारी कोणावर तरी पडतेच. यंत्राच्या रचनाकारांनी ती निराधार सोडली नाही.

यानंतर १९७३ साली ‘पाइप’ आला. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ पासून त्याचा धोशा लावला होता. कल्पना अशी की एका प्रोग्रामच्या तोंडातून निघालेले सरळ दुसऱ्याच्या ओंजळीत पडावे. मोटेचे पाणी थारोळ्यात, थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात, तसे. एक हुकूम, पण त्यासाठी दोन, तीन, चार मुले एकदम जन्मतात आणि रांगेत उभी राहतात. कारभाऱ्यांना ही सोय इतकी आवडली की रोजची निम्मी कामे ते अशीच करू लागले. पण येथे एक बारीक भोक राहिले. चार मुले चार आकडे ठेवून जातात. पालकाने कोणाचा ग्राह्य मानायचा? ठरले ते असे की रांगेतल्या शेवटच्याचा. वाफ्यापाशी उभ्या असलेल्याने ‘माझे काम झाले’ म्हटले की मोट कोरडी आली की भरून, हे कोणी विचारायचे नाही.

या भोकातून काय वाहून जाऊ शकते ते मी स्वतः पाहिले आहे. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचा कारभारी आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने त्याला घाईघाईने बोलावले. तेथे रोज रात्री सगळ्या खात्यांची नक्कल निघत असे. पहिला प्रोग्राम खतावणीतल्या नोंदी बाहेर काढी. दुसरा त्या आवळून, गाठोडे बांधून ठेवी. मध्ये पाइप. मागे केव्हातरी खतावणीचा परवलीचा शब्द बदलला आणि तो या रात्रीच्या हुकमात बदलायचा राहिला. झाले! पहिला प्रोग्राम रोज रात्री दारातूनच हाकलला जाई आणि बिघाडाचा आकडा ठेवून मरे. दुसरा इमानाने रिकामे गाठोडे बांधी आणि शून्य ठेवी. शेवटच्याचा शून्य, म्हणून पालक वहीत लिही: नक्कल व्यवस्थित झाली. असे पाच महिने. मग एके दिवशी मूळ तबकडी जळाली.

मे महिन्याची सुट्टी होती. अक्षर बरे आणि आकडेमोडीची सवय, म्हणून त्या विद्यार्थ्याने मलाही हाताखाली बोलावले. पाच महिन्यांची व्हाउचरे, कीर्दीची छापील पाने आणि पिग्मी गोळा करणाऱ्यांच्या वह्या समोर घेऊन आम्ही आठ-दहा माणसे तीन आठवडे खाती पुन्हा लिहीत होतो. बाहेर ठेवीदारांची रांग असे. त्यांत मोठी रक्कम असलेले थोडे; बरेचसे रोज वीस-पन्नास रुपये टाकणारे. भाजी विकणारी एक आजी पत्र्याच्या डब्यातून आपले पासबुक काढून रोज दाखवी आणि विचारी, “मास्तर, माझं नाव सापडलं का?” तिचे पासबुक तीन महिन्यांपासून भरलेले नव्हते. चौथ्या दिवशी एका पिग्मीवाल्याच्या वहीत तिच्या नोंदी ओळीने सापडल्या. मी मोठ्याने वाचून दाखवल्या. ती बोटांवर मोजत होती. शेवटची बेरीज जमली तेव्हा तिने डबा बंद केला आणि म्हणाली, “मग यंत्र काय करत होतं?” यंत्र रोज रात्री ‘ठीक आहे’ असे लिहीत होते, हे मी तिला कसे सांगणार?

रांगेतला एकही मोडला तर सारी रांग मोडली असे समजा, अशी ताकीद पालकाला देण्याची सोय पुढे झाली. ‘बॅश’ नावाच्या आजच्या लोकप्रिय शेलमध्ये ती २००४ साली आली, आणि सगळ्या शेलांच्या सामाईक नियमावलीत तिला स्थान मिळाले ते २०२४ साली. पाइप जन्मल्यानंतर एक्कावन वर्षांनी! तीही आपोआप लागू होत नाही. कारभाऱ्याने मागावी लागते.

हुकमाची दुसरी दुखणी त्याच्या अक्षरांत असते. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. ‘नारायणरावास धरावे’ असा मजकूर होता, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला ही आख्यायिका मराठी मुलुखात कोणाला ठाऊक नाही? आख्यायिका खरी की खोटी हा वाद असो. तिच्यातले भय खरे आहे. हुकूम लिहिणारा एक, वाटेत त्यात अक्षर घालणारा दुसरा आणि डोळे मिटून तो बजावणारा तिसरा. संगणकात हे नित्य घडू शकते. समजा, कारभाऱ्याचा प्रोग्राम बाहेरच्या माणसाला नाव विचारतो आणि ते नाव एका वाक्यात जोडून शेलच्या हाती देतो. शेलच्या व्याकरणात अर्धविरामाचे चिन्ह आले की एक हुकूम संपतो, दुसरा सुरू होतो. एखाद्या खोडसाळाने नावाच्या जागी नाव, अर्धविराम आणि ‘सगळे पुसून टाक’ असे लिहिले, तर शेल तेही पाळतो. त्याने काय करावे? त्याला वाक्य दिसते. त्यातले कोणते अक्षर कोणाचे, हे दिसत नाही.

वारशाच्या चिठ्ठ्यांतही असाच दगा निघाला. सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झाले की पालकाने मुलाच्या खिशात ठेवलेल्या चिठ्ठीत विशिष्ट रीतीने मजकूर लिहिला, तर बॅश ती नुसती जवळ न ठेवता तिच्यातला हुकूम बजावून मोकळा होतो. ही खोड त्याच्या अंगात सुमारे पंचवीस वर्षे होती आणि जगभरच्या यंत्रांवर तो रोज काम करीत होता. त्याआधी २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने दुसरा धडा दिला होता. तो जाळ्यावरून यंत्रायंत्रांत शिरे आणि आपल्याच प्रती वाढवी. आधीची प्रत आत आहे का हे तो विचारी खरा, पण सातांतून एकदा उत्तर न मानता ठाण मांडी. तेवढ्याने प्रतींवर प्रती साठून हजारो यंत्रे गुदमरली. मुले किती जन्माला घालायची याला धरबंध हवा, हे त्या दिवशी सर्वांना पटले.

या अनुभवांतून कारभाऱ्यांची नवी हत्यारे घडली. १९९३ साली नॉर्वेत ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ केले. एका जागेवरून अनेक यंत्रे एका शिस्तीत ठेवायची, हा त्याचा हेतू. २००४ च्या अखेरीस पायथन या भाषेत ‘सबप्रोसेस’ नावाचा भाग आला. त्यात हुकूम एका सलग वाक्यात न लिहिता शब्दांची सुटी यादी म्हणून देता येतो. मग नावाच्या जागी आलेला अर्धविराम हा नुसता अर्धविरामच राहतो. ‘ध’चा ‘मा’ करायला जागाच ठेवायची नाही, असा हा उपाय. २०१२ मध्ये मायकेल डिहान यांचे ‘ॲन्सिबल’ आले. त्यात शेलच्या मध्यस्थीने चालणारा हुकूम आणि शेलला टाळून चालणारा हुकूम असे दोन वेगळे प्रकारच ठेवले आहेत. एखाद्या यंत्राकडून शून्याखेरीज आकडा आला, तर त्या यंत्रावरचे पुढचे काम तेथेच थांबते आणि शेवटी प्रत्येक यंत्राचा झाडा पडद्यावर येतो. किती झाले, किती फसले. बेहडा आणि ताळेबंद पुन्हा भेटले म्हणायचे!

आपल्या महाराष्ट्रालाही या विद्येचा मोठा प्रसंग साधता आला. अमेरिकेने प्रबळ संगणक देण्यात अडवणूक केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. मूळ अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली त्यांच्या मंडळींनी ‘परम ८०००’ उभा केला. एकच बलाढ्य यंत्र घडवण्याऐवजी लहान लहान गणकांना एकत्र जुंपून काम वाटून द्यायचे, ही त्याची युक्ती. वाटणी करणे सोपे असते. सर्वांची उत्तरे वेळेवर गोळा करणे, जो मागे राहिला त्याच्यासाठी थांबणे, जो चुकला तो ओळखणे, हे त्यातले खरे कसब. बारा बैलांचा नांगर ज्याने हाकला आहे त्याला हे निराळे सांगायला नको.

नारायणरावांच्या खुनाची गोष्ट मी वर अर्धीच सांगितली. तिचा उरलेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. शस्त्र चालवले गारद्यांनी. तरी रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली ती हुकूम कोणाचा याची, आणि दोष ठेवला तो राघोबादादांवर. ‘मी धरायला सांगितले होते, पुढचे मला ठाऊक नाही’ ही सबब त्या न्यायाधीशाने ऐकून घेतली नाही. ज्याने मूल कामाला धाडले त्याने ते काय करून आले हे विचारलेच पाहिजे. न विचारणे हाच त्याचा गुन्हा. पतसंस्थेतल्या त्या रात्रीच्या प्रोग्रामने काही खोटे केले नव्हते. पहिल्या मुलाने आपला बिघाड प्रामाणिकपणे सांगितला होता. ऐकणारा कोणी नव्हता, एवढेच.

माझा विद्यार्थी आता जेथे काम करतो तेथे शून्यावरही विसंबत नाही. आठवड्यातून एकदा तो नक्कलेचे गाठोडे सोडतो, त्यातले कोणतेही एक खाते बाहेर काढतो आणि चालू खतावणीशी पै-पैने ताडून पाहतो. वेळ अर्धा तास लागतो. वरिष्ठ कधी कधी विचारतात, एवढी उठाठेव कशाला? तो त्यांना पत्र्याच्या डब्याची गोष्ट सांगतो.

उद्या लक्ष्मीपूजन, परवा पाडवा. ज्यांच्या घरी दुकान आहे ते नव्या चोपडीवर हळदकुंकू वाहतील आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढतील. जुन्या पेढ्यांवर एक रिवाज होता: मागच्या चोपडीचा ताळा जुळल्यावाचून नवीवर ‘श्री’ काढायचा नाही. हल्ली तो ताळा बहुतेक ठिकाणी यंत्र जुळवते आणि त्यासाठी किती मुले जन्मतात व मरतात ते आपल्याला दिसत नाही. दिसायलाही नको. पण आपली पुंजी जेथे आहे तेथल्या माणसाला यंदा एवढे जरूर विचारावे: तुमच्या रात्रीच्या कामाचा जाब सकाळी कोण घेतो?